माल्ट लिकर, चाळीस औंसाची बाटली आणि आपली स्ट्राँग

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पुण्यामुंबईच्या ब्रुपबवर, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणाऱ्या पबवर, पानभर मजकूर आला होता, तो इथे बसून ऑनलाइन वाचला. फोटो झकास होते. पण खटकलं ते असं की अख्ख्या पानावर इतक्या बिअरची वर्णनं आणि एकीपुढेही अल्कोहोलचा टक्का नाही, ग्लास किती मिलीचा ते नाही, आणि वर सल्ला काय, तर खऱ्या गड्याने सरळ स्ट्राँग मागवावी म्हणजे दोन ग्लासात काम होतं. कसलं काम होतं हो? मी दारूबंदीवाला नाही हे आधीच सांगतो, नाहीतर अर्धं पत्र वाचून कुणीतरी मला प्रवचनकार ठरवेल. उलट परवाच इथल्या एका छोट्या ब्रुपबमध्ये ७.८ टक्क्यांची माल्ट लिकर प्यायलो, चांगली आवडली, आणि तिच्यामुळेच हे लिहायला बसलोय.

मी राहतो अमेरिकेत, बाल्टिमोरपासून अर्ध्या तासावर, आणि माल्ट लिकर म्हटलं की या गावाचं नाव घ्यावंच लागतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांना ऐकून वाटतं हा व्हिस्कीचा काहीतरी भाऊबंद असणार. तसं काही नाही, ही बिअरच आहे, फिकट रंगाची लागर, फक्त अल्कोहोल नेहमीच्या अमेरिकन बिअरपेक्षा जास्त, कडवटपणा नावाला, आणि बार्लीच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेली बार्ली) मका किंवा तांदूळ किंवा सरळ साखर भरपूर. मका घालणं हे अमेरिकेत पाप नाही, आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडचे क्राफ्ट बिअरवाले लगेच नाक मुरडतात. इथली जी सहा-ओळींची बार्ली असते तिच्यात प्रथिनं जास्त आणि एन्झाइमही जास्त, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ब्रुअरांनी इथे आल्यावर त्यात मका आणि तांदूळ मिसळून बिअर हलकी आणि नितळ करून घेतली, ती गरज होती. माल्ट लिकरवाल्यांनी तीच गोष्ट ताणत ताणत नेली.

सुरुवात बघायची तर मिशिगनमधल्या आयोनिया नावाच्या छोट्या गावात ग्रँड व्हॅली ब्रुइंग कंपनीने १९३७ मध्ये क्लिक्स नावाची माल्ट लिकर काढली, ती पहिल्यांपैकी एक धरतात. मग १९४२ मध्ये मिनियापोलिसच्या ग्लूक ब्रुअरीची स्टाइट आली. महायुद्धाच्या काळात माल्टची चणचण होती, त्यामुळे कमी माल्टात जास्त अल्कोहोल हा हिशेब ब्रुअरांना मानवणारच होता. गंमत म्हणजे पन्नाशीच्या दशकात हा माल उच्चभ्रू म्हणून विकायचा प्रयत्न झाला, मिझुरीतली गोएट्झ कंपनी कंट्री क्लब नावाची माल्ट लिकर छोट्याशा डब्यात विकायची, जाहिरातीचा रोख असा की बघा शॅम्पेनची बहीण आली. नाव बघा ना, कंट्री क्लब! आज त्याच मालाची ओळख काय आहे, तर कोपऱ्यावरच्या दुकानात जाड काचेमागून मिळणारी, तपकिरी कागदी पिशवीत घालून पायरीवर बसून प्यायची चाळीस औंसाची, म्हणजे जवळजवळ बाराशे मिलीची बाटली.

मधल्या काळात काय झालं ते बाल्टिमोरात घडलं, निदान त्याचा मोठा भाग. १९६३ मध्ये इथल्या नॅशनल ब्रुइंग कंपनीने कोल्ट ४५ काढली. हीच ती कंपनी जिची नॅशनल बोहेमियन बिअर, म्हणजे नॅटी बो, तिच्या लेबलवरच्या एकडोळ्या मिशीवाल्याचा चेहरा आजही जुन्या ब्रुअरीच्या डोक्यावर रात्री लागतो, बिअर गावात बनायची कधीच बंद झाली तरी. कोल्ट ४५ च्या लेबलवर लाथ झाडणारा घोडा. श्लिट्झच्या माल्ट लिकरवर बैल, जाहिरातीत तर तो भिंत फोडून आत यायचा. साठ-सत्तरच्या दशकात कंपन्यांच्या लक्षात आलं की आपला माल कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये जास्त खपतो, मग सगळी जाहिरात तिकडेच वळली, बिली डी विल्यम्ससारखा देखणा नट कोल्ट ४५ घेऊन पोस्टरवर आला, पुढे रॅपर आले. १९९१ मध्ये पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या चक डीने तर सेंट आइड्स माल्ट लिकरच्या जाहिरातीत आपला आवाज न विचारता वापरला म्हणून केस टाकली.

आता मला ज्याचा मुद्दा करायचाय ते इथे येतं. १९३५ च्या अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बिअरच्या लेबलवर अल्कोहोलचा टक्का छापायलाच बंदी होती, राज्याने मागितला तरच छापायचा. हेतू चांगला होता, दारूबंदी नुकतीच उठलेली, टक्का छापू दिला तर कंपन्या माझी सहाची तुझी सातची अशी स्पर्धा लावतील ही भीती. पण झालं काय? आकडा छापता येत नाही म्हटल्यावर तो सांगायचं काम बैलाने केलं, घोड्याने केलं, बाटलीच्या आकाराने केलं. गिऱ्हाइकाला सगळं कळत होतं, फक्त नेमकं किती ते कळत नव्हतं. १९९१ मध्ये जी. हाइलमन कंपनीने, कोल्ट ४५ तेव्हा यांच्याकडेच आलेली, पॉवरमास्टर नावाची आणखी कडक माल्ट लिकर आणली. त्यावर चर्चचे लोक, सर्जन जनरल, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्यप्रमुख, अँटोनिया नोव्हेलो, सगळे तुटून पडले की हे सरळ गरीब काळ्या वस्त्यांवर नेम धरून चाललंय. सरकारी खात्याने ते नाव आधी मंजूर केलेलं होतं, नंतर ‘पॉवर’ म्हणजे अल्कोहोलचीच जाहिरात झाली असं म्हणून परत घेतलं आणि बाटली बाजारातून गेली.   शेवटी कूर्स ही बिअर कंपनी या लेबलबंदीविरुद्ध कोर्टात गेली आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी रद्द केली.

असो. त्या ब्रुपबकडे येतो. नाव देत नाही, जाहिरात वाटेल आणि तसंही ते एवढंसं आहे की तुमचे चार वाचक जरी एकदम गेले तरी बसायला जागा मिळायची नाही. माझा भाचा इथे शिकायला आहे, त्याला घेऊन गेलो होतो. भिंतीवर खडूने लिहिलेला फळा, प्रत्येक बिअरपुढे तीन गोष्टी, टक्का, ग्लासाचा आकार, किंमत. माल्ट लिकरपुढे ७.८ आणि दहा औंस, म्हणजे साधारण तीनशे मिली. बाकीच्या बिअर सोळा औंसात मिळत होत्या, ही नाही. भाच्याने विचारलं की मोठ्या ग्लासात देणार का, तर बारवरची बाई हसून नाही म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. भाषण नाही काही नाही.

ब्रुअर स्वतःच मागे पाइप धूत होता, गर्दी कमी होती म्हणून बोलायला आला. मका तो फ्लेक करून आलेला वापरतो, आपले चिवड्याचे मक्याचे पोहे असतात ना तसलाच प्रकार, कारण कच्च्या मक्याचा स्टार्च उघडायला जे तापमान लागतं ते मॅशच्या, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून साखर काढतात त्याच्या, तापमानापेक्षा जास्त असतं, त्यासाठी वेगळा कुकर लागतो आणि तो मोठ्या कारखान्यातच असतो. फ्लेकमध्ये ते काम आधीच झालेलं, सरळ माल्टबरोबर कोमट-गरम पाण्यात टाकायचं. मॅश मुद्दाम थोडं खालच्या तापमानाला, ६३-६४ सेल्सियसच्या आसपास, म्हणजे साखर जास्त आंबवण्यासारखी निघते आणि बिअर गोड चिकट न होता कोरडी होते. मग लागरचं यीस्ट, थंडीत, दहा-बारा अंशाला सावकाश, आणि त्यानंतर शून्याजवळ कित्येक आठवडे नुसती पडून. तो म्हणाला की माझ्याकडे टाक्या मोजक्या, त्यातली एक ही अडवून बसते, तेवढ्या वेळात मी दोनदा एल (लवकर तयार होणारी बिअर) काढून विकली असती, म्हणून वर्षातून एकदाच करतो, हिवाळ्याच्या शेवटी. स्वस्तातल्या माल्ट लिकरला हा वेळ परवडत नाही. तिथे बाहेरून एन्झाइम घालून शेवटची साखरही फोडायची, वर डेक्स्ट्रोज ओतायचा, गरम तापमानाला झपाट्याने आंबवायचं आणि बाटलीत भरायचं. अल्कोहोल तेवढंच मिळतं, पण यीस्टला घाई केली की ते नको ते जड अल्कोहोल आणि एस्टर सोडतं, बाटली जरा गरम झाली की नेलपेंटसारखा वास येतो तो त्याचा. म्हणून ती बर्फासारखी थंड प्यायची रीत पडलीय, थंडीत जीभ बधिर होते, मग काहीच कळत नाही.

ही मात्र तशी थंडगार दिली नव्हती. रंग फिका सोनेरी, इतकी नितळ की ग्लासाच्या पलीकडची खडूची अक्षरं वाचता येत होती, फेस पांढरा आणि लवकर खाली बसणारा. वासाला पहिल्यांदा उकडलेलं कणीस. मी म्हटलं हा मका. ब्रुअर म्हणाला नाही, तो वास माल्टचा आहे, फिक्या माल्टमध्ये एक गंधकाचं संयुग असतं ते तापवलं की असा वास सुटतो, जोरात आणि बराच वेळ उकळलं की बहुतेक उडून जातो, थोडा मी मुद्दाम ठेवतो. मक्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, तो फक्त अंग हलकं करतो. हे मला नवीन होतं. तोंडात घेतल्यावर आधी मधासारखा गोडवा, पण तो रेंगाळत नाही, लगेच कोरडं होतं, मग जरा पिकल्या नासपतीचा भास, कडवटपणा अगदी शेवटी आणि फक्त गोडवा आवरायला पुरेल इतका. अल्कोहोल तोंडात कळतच नाही, घशाखाली उतरल्यावर छातीत ऊब येते तेव्हा कळतं. सात-आठ टक्क्यांची बेल्जियन एल किंवा जर्मन डोपलबॉक घेतली तर ती तिच्या जाडीने आणि रंगाने तुम्हाला सावध करते, हळू प्या म्हणते. ही तसं काही सांगत नाही, पाण्यासारखी जाते, आणि तीच या प्रकारातली खरी भीती आहे. दहा औंसाचा ग्लास का, ते अर्ध्या ग्लासात कळलं. सोबत ओल्ड बे मसाला मारलेले फ्राइज होते, इथे खेकड्यापासून पॉपकॉर्नपर्यंत सगळ्यावर तो मसाला टाकतात, त्या खारट-तिखटावर ही बिअर फारच छान लागते. मला तर सारखी बोंबील फ्रायची आठवण येत होती, पण ते दुःख वेगळं, त्यावर दुसरं पत्र लिहीन.

चेष्टेने का होईना, पण नीट माल्ट लिकर करायचा प्रयत्न आधीही झालाय. शेजारच्या डेलावेअरमधली डॉगफिश हेड, जी १९९५ मध्ये रिहोबोथ बीचला ब्रुपब म्हणूनच सुरू झाली, तिने लिकर द माल्ट नावाने लाल, पांढऱ्या आणि निळ्या मक्याची एक काढली होती, चाळीस औंसाच्या बाटलीत आणि वर तपकिरी कागदी पिशवीसकट. कल्पना हुशार आहे, पण मला ती पिशवी काही पटली नाही. ज्यांच्या गल्लीत ती पिशवी रोजचं वास्तव आहे त्यांना त्यात विनोद दिसत असेल का? या माझ्या ब्रुअरने पिशवी नाही, बैल नाही, काही केलं नाही, फळ्यावर माल्ट लिकर लिहिलं आणि आकडा लिहिला.

आता घरचा हिशेब करू, आणि हा हिशेब तुमच्या पानावर यायला हवा होता असं माझं म्हणणं आहे. आपला स्मॉल पेग ३० मिली, व्हिस्की ४२.८ टक्के, म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल जवळजवळ १३ मिली. मी प्यायलेला तीनशे मिलीचा ग्लास ७.८ ने साधारण साडेतेवीस मिली, म्हणजे पावणेदोन पेगच्या जरा वर. आपली ६५० मिलीची स्ट्राँगची बाटली ८ टक्के धरली तर ५२ मिली, म्हणजे चार पेग. एक बाटली, चार पेग! कुणी माणूस ऑफिसातून येता येता चार पेग मारून बाइकवर बसला तर आपण त्याला बेवडा म्हणू, आणि एक बिअर घेतली म्हटलं की चालतंय, बिअरच तर आहे. इथली चाळीस औंसाची बाटली ११८३ मिली भरते, आजची कोल्ट ४५ ही ५.६ टक्क्यांची धरली तर ती पाच पेगच्या जरा वर जाते. म्हणजे ज्या बाटलीवरून इथे चर्चमध्ये सभा झाल्या, ज्या आकाराची बिअरची सीलबंद बाटली फ्लोरिडात विकताच येत नाही कारण तिथली हद्द ३२ औंस, तिच्यात आणि आपल्या परमिटरूमच्या टेबलावरच्या एका बाटलीत फक्त एका पेगचा फरक.

आणि आत काय असतं म्हणाल तर आपली स्ट्राँगही बार्ली माल्टबरोबर तांदूळ, मका, साखर घालूनच होते, म्हणजे माल्ट लिकरची सख्खी चुलत बहीण. नावं आठवा, नॉकआउट, थंडरबोल्ट, गॉडफादर, हेवर्ड्स ५०००. पाच हजार कसले? टक्का तर नाही. पण कॉलेजात आमच्यातला प्रत्येकजण शपथेवर सांगायचा की दोन हजारपेक्षा पाच हजार वाली अडीचपट चढते. नाव बोलत होतं, बैल बोलत होता, तीच गोष्ट. आपल्याकडे नियमात बिअरचे दोनच कप्पे, ५ टक्क्यांपर्यंतची साधी आणि त्यावर ८ पर्यंतची स्ट्राँग. आता साडेपाच आणि आठ यात दीडपटीच्या जवळ फरक आहे, बाटलीवर बहुतेकदा ‘८ टक्क्यांपर्यंत’ असं मोघम वाचायला मिळतं, आणि लोक काय करतात, पैसे वसूल व्हावेत म्हणून वरच्या कप्प्यातलीच घेतात. देशात विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये बहुतांश स्ट्राँगच असते ती काय चवीसाठी? महाराष्ट्रात हे सगळं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली चालतं ही त्यातली आणखी एक मजा.

भाच्याचं म्हणणं वेगळं पडलं, ते सांगायला हवं. तो म्हणाला, मामा, टक्का छापला तर पोरं टक्का बघूनच सगळ्यात वरची मागवतील, १९३५ वाल्यांची भीती काही खोटी नव्हती. बरोबर आहे, काहीजण मागवतील. पण ती आजही मागवतातच की, नावावरून आणि मित्राच्या सांगण्यावरून. निदान ज्याला दोन बिअर घेऊन नीट घरी जायचंय, जी बाई पहिल्यांदाच ब्रुपबला आलीय, ज्याच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना तरी हिशेब करता येईल. आणि नुसता टक्का नको, ग्लासाचा आकार पण हवा, कारण ७.८ टक्के दहा औंसात आणि ७.८ टक्के पिचरमध्ये या दोन वेगळ्या संध्याकाळी आहेत.

पुण्यात २००९ पासून ब्रुपब आहेत, डूलालीपासून सुरुवात झाली, आता कोरेगाव पार्क-कल्याणीनगरात पावलोपावली सापडतात. काही ठिकाणी मेनूवर टक्का व्यवस्थित असतो, काही ठिकाणी विचारलं तर वेटर ‘मीडियम आहे सर’ म्हणतो. मीडियम म्हणजे काय, ही काय मिसळ आहे? तर तुमच्याकडे एवढंच मागणं आहे की यापुढे बिअरवर लिहाल तेव्हा नावापुढे टक्का आणि मिली छापा, एका ओळीचं काम आहे, आणि ज्या जागेने आकडा दिला नाही तिच्याबद्दल ‘आकडा दिला नाही’ असं छापा. पुढच्या महिन्यात मेनू बदललेले दिसतील, मालकांना पेपरातली जागा फार प्यारी असते.

आणि पुण्यातला एखादा ब्रुअर हे वाचत असेल तर त्याच्यासाठी. मका आपल्याकडे काही कमी नाही, नाशिक, संभाजीनगर, जालन्याकडे ढिगाने पिकतो आणि त्यातला बराच कोंबड्यांच्या खाद्यात आणि आता इथेनॉलला जातो. त्यातला थोडा वाफवून चपटा करून घे, मॅशमध्ये वजनाने पाव हिस्सा टाकून बघ, टाकी महिना-दीड महिना अडकेल त्याची तयारी ठेव, आणि नियमाने आठच्या आतच राहावं लागेल म्हणून साडेसातला थांब. ग्लास अडीचशे मिलीचा. बोंबील असतील तर मला कळव, डिसेंबरात येतोय.

आपला,
एक वाचक
कोलंबिया, मेरीलँड